पितळेची पुंगळी

टेक्सासमध्ये भाच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्याच्या शेजाऱ्याने एका शनिवारी स्वतःचं गॅरेज उघडून दाखवलं. एका कोपऱ्यात गवत कापायचं यंत्र, दुसऱ्या बाजूला जाड लाकडी टेबल. टेबलाला बोल्टांनी आवळून बसवलेला एक लोखंडी प्रेस, लिंबू पिळायच्या यंत्राचा थोराड भाऊ शोभावा असा. शेजारी छोटा तराजू आणि पितळेच्या रिकाम्या पुंगळ्यांनी भरलेला बिस्किटांचा डबा. नेमबाजीच्या मैदानावर झाडलेल्या पुंगळ्या वेचून आणायच्या आणि घरी त्यांची पुन्हा काडतुसं करायची, हा त्याचा छंद. तिकडे तो राजरोस चालतो. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, तेव्हा घरी करून बघण्याचा प्रश्नच नाही. पण त्या टेबलावर धातुशास्त्र इतकं उघडंवाघडं पसरलेलं होतं की माझा चहा निवून गेला.

काडतुसाचे भाग चार: पुंगळी, तिच्या तळाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की तिघांचं काम संपतं. उरते ती पुंगळी. सगळा खटाटोप तिच्यासाठी.

ती पितळेचीच का? साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त हे पितळ ताणलं तर तुटत नाही, आणि सोडलं की किंचित मागे येतं. शिकारीच्या .308 विंचेस्टर काडतुसात दाब दर चौरस इंचाला 62,000 पौंडांपर्यंत जाऊ शकतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास दोन हजार पट. त्या दाबाने पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते, त्यामुळे गरम वायू मागे, म्हणजे नेमबाजाच्या तोंडावर, येत नाही. गोळी बाहेर पडून दाब उतरला की ती केसभर आक्रसते आणि सहज ओढून काढता येते. धातू फार मऊ असता तर आत अडकून बसला असता, फार कडक असता तर तडकला असता.

फुगलेली पुंगळी प्रेसमध्ये घालून मूळ मापावर आणतात. पण दर खेपेला धातू ताणला जातो, दाबला जातो, आणि कडक होत जातो. पुण्याच्या तांबट आळीत हे कोणीही सांगेल: ठोकून ठोकून भांडं ताठ झालं की ते भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करावं लागतं, नाहीतर पुढच्या घावाला चीर जाते. शेजारीही तेच करतो, फक्त पुंगळीचं तोंड काही सेकंद ज्योतीवर धरून. तळ मात्र गरम होऊ द्यायचा नाही. खरा भार तळ पेलतो, तो मऊ झाला तर संपलंच.

पितळेच्या या ताणाने इंग्रजांना हिंदुस्थानात चांगलंच छळलं होतं. पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली लष्कराची काडतुसं न वापरताच आपोआप तडकत. चिरा बहुधा गोळीभोवती आवळलेल्या तोंडाशी. ऋतूवरून या रोगाला ‘सीझन क्रॅकिंग’ असं नाव पडलं. कारण 1921 मध्ये उलगडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया पावसाळी दमटपणात पितळेवर साचे, आणि जिथे धातूत आधीपासून ताण कोंडलेला असे नेमकं तिथेच तांब्याला खाई. नुसता ताण असता तर काही झालं नसतं, नुसता अमोनिया असता तरी पुंगळी अशी फुटली नसती. पुंगळ्या तापवून त्यांच्यातला ताण काढणं आणि त्या तबेल्यापासून लांब ठेवणं, एवढ्यावर दुखणं आटोक्यात आलं.

आता दारू. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. तिचा धूर आणि काजळी फार. 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएयने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू केली. ती उघड्यावर पेटवली तर नुसती भरभर जळते, स्फोट होत नाही. कोंडली की मात्र तिचा स्वभाव बदलतो: दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो आणि वेग वाढला की दाब. म्हणून तिच्या दाण्याचा आकारही हिशेबाने ठरवतात. नळीसारख्या दाण्याचा बाहेरचा पृष्ठभाग जळत लहान होतो, तेव्हा आतलं भोक मोठं होत जातं, आणि एकूण जळता पृष्ठभाग जवळपास तेवढाच राहतो. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा नियमांत घरी 20 पौंडांहून जास्त दारू ठेवायची तर किमान एक इंच जाडीची लाकडी पेटी लागते. मी लोखंडी तिजोरी समजून चाललो होतो. पण आग लागलीच तर पेटीने चटकन वाट द्यायला हवी, कोंडून धरायला नको.

वजन ‘ग्रेन’मध्ये होतं. ऐकायला परकं, पण आपला जुना तोळा बरोबर 180 ग्रेनांचा होता, आणि शेजाऱ्याच्या एका डब्यावर ‘180’ लिहिलेलं होतं: नेमकी तोळाभराची गोळी! त्याचा तराजू 0.1 ग्रेन, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम, दाखवत होता. इथे अंदाजपंचे चालत नाही. पिस्तुलाच्या काडतुसात दारू इतकी थोडी लागते की चुकून दोनदा पडली तरी पुंगळीत मावते. म्हणून गोळी बसवण्याआधी तो पन्नासच्या पन्नास पुंगळ्या फळीवर उभ्या करून टॉर्चने आत डोकावतो.

प्रायमरचीही गंमत आहे. एक पद्धत ब्रिटिश एडवर्ड बॉक्सरची, दुसरी अमेरिकन हायरम बर्डनची. दोन्ही 1866 च्या सुमाराच्या. बॉक्सरच्या पुंगळीला मधोमध एकच भोक असतं, त्यातून सळई घालून जुना प्रायमर ढकलता येतो. बर्डनमध्ये भोकं दोन आणि बाजूला. अमेरिकेने इंग्रजाची पद्धत उचलली, युरोपातल्या लष्करांनी अमेरिकनाची. तिकडे गॅरेजागॅरेजात हा छंद रुजला, त्यात त्या एका भोकाचा वाटा मोठा.

निघताना त्याने एक सरळ केलेली पेपर क्लिप माझ्या हातात दिली, टोक आकड्यासारखं वळवलेलं. म्हणाला, आतून तळाजवळ फिरवा. दोन पुंगळ्यांत ती गुळगुळीत सरकली. तिसरीत मात्र खट्‌कन अडली. ताणून ताणून भिंत तिथे आतून खंगली होती, बाहेरून काही दिसत नव्हतं. त्याने ती पुंगळी पक्कडीत धरून चेपली, पुन्हा कोणाच्या हाती लागू नये म्हणून, आणि भंगाराच्या डब्यात टाकली.

“मामा, आधी साबणाने हात,” भाचा दारातूनच ओरडला, “प्रायमरच्या काजळीत शिसं असतं.”