दिवाळीचा किल्ला: काल्पनिक गट आणि प्रतिकृती गट

दिवाळीच्या सुट्टीत किल्ला करायचा म्हटलं की आता पहिला प्रश्न येतो, ‘कुठला करायचा?’ ऐंशीच्या दशकापर्यंत बहुतेक घरांत हा प्रश्न निघतच नसे. अंगणात, गॅलरीत नाहीतर जिन्याखाली जो उभा राहील तो किल्ला. त्याला नाव नसायचं. एखाद्या पाहुण्याने फराळाची ताटली हातात घेऊन विचारलंच, तर रायगड किंवा प्रतापगड असं ठोकून दिलं जायचं. पाहुणाही खोलात शिरत नसे. बिननावाच्या या किल्ल्याला नाव कसं चिकटलं आणि त्यात मुलांच्या हातून काय सुटलं, त्याची ही पार्श्वभूमी.

प्रथेचं मूळ थेट शिवकालात आहे, असं दर दिवाळीत कुठेतरी छापून येतं. बाप गडावर चाकरीला, म्हणून मावळ्यांची पोरं अंगणात गड रचत, अशी ती गोष्ट. ऐकायला छान आहे. पुरावा म्हणून कोणी पुढे करू नये. त्यापेक्षा ऋतूचं कारण जास्त पटतं. पाऊस नुकताच सरलेला असतो, माती ओलसर असते, परसात दगडविटा पडलेल्या असतात आणि सहामाही संपलेली असते. शिवाय दिवाळीत दारापुढे काहीतरी रचायची सवय घरांना होतीच. बलिप्रतिपदेला अनेक गावांत शेणाचे पांडव आणि गवळणी मांडतात, उत्तरेकडे त्याच दिवशी शेणाचा गोवर्धन करतात. या हौसेला गडाचा आकार मिळायचा तर शिवाजी महाराजांचं स्मरण आधी चारचौघांत यायला हवं होतं. 1895 मध्ये रायगडावरच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी गोळा होऊ लागला, 1896 मध्ये गडावर उत्सव झाला. 1974 मध्ये राज्याभिषेकाला 300 वर्षं झाली तेव्हा तर सरकारी पातळीवर सोहळा झाला. पण मुलांपुरतं बोलायचं तर या सगळ्यापेक्षा चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकाचं वजन जास्त. ते शिकलेल्या पोराला तोरणा, पुरंदर, पन्हाळा, विशाळगड ही नावं गल्लीतल्या दुकानांइतकी ओळखीची झाली होती.

नावं ओळखीची झाली तरी किल्ला मनचाच होत राहिला. त्याची रीत ठरलेली होती. विटांची आणि दगडांची उतरंड रचायची, वर गोणपाट टाकायचं आणि त्यावर पातळ चिखलाचा हात मारायचा. गोणपाटाला जिथे घडी पडेल तिथे दरी. डोंगराचा आराखडा असा निम्मा पोत्याच्या मर्जीवर असायचा. मग उतारावर हिरवळ. मोहरी पेरली तर ती घरंगळून पायथ्याशी गोळा होते. अळीव भिजले की चिकट होतात आणि उभ्या चढालाही धरून राहतात. म्हणून जाणकार पोरं आजीकडून अळिवाचा डबा मागून घ्यायची. बाळंतिणीच्या लाडवांसाठी ठेवलेले अळीव किल्ल्यावर गेले म्हणून घराघरांत कुरकुर व्हायची, ती वेगळी.

कारंजं ही खास चीज. ओळखीच्या दवाखान्यातून सलाइनची रिकामी बाटली आणि नळी आणायची, बाटली खिडकीच्या गजाला उंच टांगायची, नळी मातीखालून तळ्यापर्यंत न्यायची आणि टोकाला बॉलपेनच्या रिफिलचा तुकडा बसवायचा. नळीवरचं चाक फिरवलं की पाणी कमी-जास्त. पाण्याची पातळी आणि दाब हे प्रकरण शाळेत येण्याआधी पुष्कळांना इथे कळलं.

वस्तीला कोण, याला धरबंध नव्हता. सिंहासनावर महाराज आणि बुरुजावर मावळे हे पक्के. खाली गुहेत सिंह, तळ्यात प्लॅस्टिकचं बदक, रांगोळीने आखलेल्या रस्त्यावर वाहतूक पोलीस, एखाद्या घरी भावाची चावीची आगगाडीसुद्धा. पुण्यात कुंभारवाड्यातून चित्रं, म्हणजे मातीचे मावळे आणि प्राणी, आणायला आई किंवा आत्या सोबत जायची, वडिलांकडे विटा आणण्याचं आणि दिव्याच्या माळेचं काम असायचं. बाकी कारभार मुलांचा. सुट्टी संपताना किल्ला सुतळी बॉम्ब लावून उडवायचा की माती झाडांना घालायची, यावर घरात दोन पक्ष पडत. महाराजांना आधी उचलून ठेवायचं, यावर मात्र कोणाचं दुमत नसे.

वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या तशी आधी माती गेली. खाली पार्किंग, त्यावर फरशी, आणि ‘इथे चिखल करायचा नाही’ अशी पाटी. मग मातीची पोती विकत मिळू लागली. पाठोपाठ रस्त्याकडेला प्लास्टरचे तयार किल्लेही आले: दोन बुरुज, एक दरवाजा, वर भगवा. आणला, ठेवला, पणती लावली. या तयार किल्ल्यांची चेष्टा फार झाली, पण सातव्या मजल्यावर वीतभर बाल्कनीत विटा चढवायच्या कशा, याचं उत्तर चेष्टा करणाऱ्यांनी दिलं नाही.

मुख्य बदल मात्र जागेमुळे आला नाही. तो स्पर्धांमुळे आला.

मंडळं, शाळा, वर्तमानपत्रं आणि गिर्यारोहकांचे गट किल्ल्यांच्या स्पर्धा घेऊ लागले, तेव्हा परीक्षकांपुढे साधी अडचण होती. एकाची सिंहाची गुहा आणि दुसऱ्याचं कारंजं यांत उजवं-डावं करायचं कसं? तोलायला काही मोजमाप हवं. त्यातून अनेक ठिकाणी ठरलं की किल्ला खऱ्या गडाची प्रतिकृती असावा आणि मुलांना त्या गडाचा इतिहास सांगता यावा. काही ठिकाणी काल्पनिक किल्ल्यांना प्रवेशच बंद झाला. काही ठिकाणी दोन गट झाले, पण मोठी बक्षिसं आणि पेपरातले फोटो प्रतिकृतींच्या वाट्याला जाऊ लागले. निर्णय एका दिवशी कोणी एकाने घेतला असं नाही. नियमावल्या एकमेकांच्या बघून लिहिल्या गेल्या आणि दहा-पंधरा वर्षांत तोच रिवाज झाला.

या बाजूने बोलणाऱ्यांकडे मुद्दे भक्कम आहेत. राजगड करायचा तर बालेकिल्ल्याभोवती पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, म्हणजे डोंगराच्या सोंडांवरचे तटबंद भाग, कशा पसरल्या आहेत हे बघावं लागतं. संजीवनीची दुहेरी तटबंदी हाताने रचल्यावर ती तशी का बांधली हे आपोआप उमगतं. लोहगडाला विंचूकाट्याची लांबलचक सोंड काढावीच लागते. दरवाजा समोरून दिसू नये म्हणून बुरुजांच्या कवेत वळवून घेतलेली गोमुखी रचना पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही, मातीत करताना शिरते. पावसाळ्यात सहकुटुंब गडावर जायचं, फोटो काढायचे, मापं टिपायची आणि दिवाळीत तोच गड घरी उभा करायचा, ही नवी प्रथा या नियमानेच आणली. 2005 मध्ये गूगल अर्थ आल्यावर तर डोंगराचा चढउतार घरबसल्या दिसू लागला. बेळगावात गल्लोगल्ली तरुण पोरं जे भलेमोठे किल्ले उभारतात, त्यांतल्या चांगल्या कामापुढे अभ्यासक थबकतील. (गोव्यात त्याच वयाच्या पोरांची तीच ताकद नरकासुराकडे जाते, हे जाता जाता.)

तरीही हा नियम पूर्ण विचारांती झाला असं म्हणवत नाही. हिशोब करून बघा. दोन किलोमीटर पसरलेला गड चार फुटांत बसवायचा, तर तिथला माणूस एक मिलिमीटरचा होतो. बाजारातला तीन इंची मावळा त्या मापाने जवळजवळ सव्वाशे मीटर उंच भरतो. प्रतिकृती हवी असेल तर मावळे हद्दपार करायला हवेत. मावळे हवे असतील तर प्रमाणाचा आग्रह सोडायला हवा. काही स्पर्धांनी खरोखरच चित्रं मांडायला बंदी केली. म्हणजे सात वर्षांच्या मुलाला या उद्योगात जे सगळ्यात प्रिय, तेच गेलं. बाकीच्यांनी दोन्ही ठेवलं आणि परीक्षकांनी तिकडे काणाडोळा केला. उंचीचंही तसंच. खरं प्रमाण धरलं तर चार फुटांतला डोंगर बसका दिसतो, म्हणून सगळेच उंची वाढवून घेतात, बक्षीस मिळवणारेसुद्धा. वाढवलेली उंची चालते आणि गुहेतला सिंह चालत नाही, यामागचं तत्त्व शोधून सापडत नाही.

दुसरा परिणाम घरात दिसला. गोणपाटाच्या घडीने दरी ठरवली तेव्हा पाचवीतलं पोरगंच मुख्य गवंडी होतं. नकाशा, मापं आणि दरवाज्यांचा क्रम आला तेव्हा काम वडिलांकडे, मामाकडे, कॉलेजातल्या दादाकडे गेलं. धाकट्यांकडे राहिलं पाणी आणून देणं आणि परीक्षक आल्यावर पाठ केलेली माहिती घडाघडा म्हणणं. मग नियमावलीत नवी ओळ आली, ‘मोठ्यांनी मदत करू नये’. ती कुठेही पाळली जात नाही आणि पाळली जावी असंही नाही. सगळं घर मिळून चिखलात हात घालतं, ही तर या सुट्टीतली मजा. प्रश्न मदतीचा नाही, हुकूम कोणाचा चालतो याचा आहे. काल्पनिक किल्ल्यात चूक दाखवायला कोणाला जागाच नव्हती. प्रतिकृतीत महादरवाजा चुकीच्या दिशेला लागला की रडून परत काढायचा.

प्रतिकृतीवाले यावर म्हणतात की ज्याला मनचा किल्ला करायचा त्याला कोणी अडवलंय? अडवलेलं नाही, खरंच. पण शेजारच्या इमारतीत शिवनेरी उभा असताना स्वतःच्या बिननावाच्या ढिगाऱ्याकडे मूल कसं बघतं, हेही बघायला हवं.

2020 च्या दिवाळीत हे सगळं थोडं उलटलं. करोनामुळे शाळा मार्चपासून बंद, मुलं घरातच. सुट्टी कशापासून, हाच प्रश्न होता. शिक्षण विभागाने आधी 12 ते 16 नोव्हेंबर अशी पाचच दिवसांची सुट्टी जाहीर केली, नाराजी झाल्यावर ती 7 ते 20 नोव्हेंबर केली. वर्ग मोबाइलवर भरत होते, त्यामुळे सुट्टी म्हणजे मोबाइल खाली ठेवणं. परीक्षक दारोदार फिरू शकत नव्हते, म्हणून स्पर्धांनी फोटो आणि व्हिडिओ मागवले. फोटोत प्रमाण कळत नाही, हे मुलांनी लगेच ओळखलं आणि कॅमेरा जमिनीला टेकवून अडीच फुटांच्या किल्ल्यांचे सह्याद्री केले. बाहेरून सामान आणणं नको म्हणून खोकी, वर्तमानपत्रांचा लगदा, जुन्या चादरी असं घरातलंच वापरलं गेलं. कित्येक घरांत तीस वर्षांनी पुन्हा बिननावाचा किल्ला झाला, तो असा नाइलाजाने. साथ ओसरली आणि नियमावल्या पूर्वीच्याच निघाल्या.

प्रतिकृतीच्या बाजूला शेवटचं मोठं वजन पडलं ते जुलै 2025 मध्ये. मराठा लष्करी स्थापत्याशी निगडित बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तामिळनाडूतला जिंजी. त्या दिवाळीत सरकारी पातळीवरूनच आवाहन झालं की या बारांपैकी एखादा गड घरी उभारा, त्याच्यासोबत फोटो काढा आणि पाठवा. घरगुती उद्योगाला राजाश्रय मिळाला आणि ‘कुठला करायचा?’ या प्रश्नाला छापील यादीही मिळाली.

त्या यादीत एक सोय मात्र कोणी न योजता होऊन गेली. मातीचा ढीग केला की डोंगर होतो, म्हणून घरचा किल्ला पिढ्यान्‌पिढ्या गिरिदुर्गच होता. समुद्राकडे कोणी फिरकत नसे. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग पाण्यात आहेत. त्यांना विटांची उतरंड लागत नाही, पोतंभर माती लागत नाही. मोठी परात, तिच्यात तळाला निळा रंग, मध्ये हातभर बेट आणि भोवती नागमोडी तट एवढ्यावर भागतं. फ्लॅटच्या बाल्कनीत ते सहज मावतं आणि पार्किंगमधल्या पाटीचाही भंग होत नाही. सिंधुदुर्गाचा दरवाजा तटाच्या वळणात लपवायचं काम अर्थात राहतंच, आणि ते पहिल्या फटक्यात क्वचितच साधतं.