एअरफोर्सची डाकोटा बाजू

एअरफोर्स म्हटलं की डोळ्यासमोर सुखोई, राफेल, आणि आमच्या पिढीला तर मिग-21च. पण आपल्या हवाई दलाचा इतिहास वाचत गेलं ना, की सारखी मधे येतात ती मालवाहू विमानं, ज्यांचे पोस्टर कुणी भिंतीवर लावत नाही.

सुरुवात अगदीच साधी. 8 ऑक्टोबर 1932 ला कागदावर स्थापना (म्हणून त्या दिवशी एअरफोर्स डे), आणि 1 एप्रिल 1933 ला कराचीजवळ ड्रिग रोडला पहिली स्क्वाड्रन. सहा ऑफिसर, 19 हवाई सिपाई आणि चार वापिती विमानं, तीही वर-खाली दुहेरी पंखांची, जुनाट. काम काय, तर सरहद्दीवर आर्मीला मदत. म्हणजे जन्मच दुसऱ्याच्या मदतीसाठी झालेला. आणि गंमत बघा, ते ड्रिग रोड फाळणीत पाकिस्तानात गेलं.

खरी परीक्षा ऑक्टोबर 1947 ला. पाकिस्तानातून घुसलेले टोळीवाले श्रीनगरच्या दिशेने निघालेत, रस्त्याने फौज पोचेपर्यंत शहर हातातून गेलेलं असणार. 26 तारखेला काश्मीरच्या विलीनीकरणावर सही झाली आणि 27 ला सकाळी दिल्लीहून डाकोटा नावाची मालवाहू विमानं निघाली, आत 1 शीख बटालियनचे जवान. खाली धावपट्टी कच्ची, विमानतळ आपल्या ताब्यात आहे की नाही हेही उतरेपर्यंत पक्कं माहीत नाही. एअरफोर्सची विमानं पुरत नव्हती म्हणून खाजगी कंपन्यांची प्रवासी विमानंपण कामाला लावली.

मग जम्मू-काश्मीरमधलंच पूंछ. शहराला वेढा, आत हजारो निर्वासित अडकलेले, ब्रिगेडियर प्रीतम सिंग यांनी लोकांना हाताशी धरून तिथेच धावपट्टी तयार करून घेतली. एअर कमोडोर मेहेर सिंग, ज्यांना सगळे 'बाबा' म्हणायचे, यांनी तिथे डाकोटा उतरवून दाखवलं. जाताना दारूगोळा आणि धान्य, येताना जखमी आणि बायकापोरं.

आणि याच बाबांनी मे 1948 ला कहर केला. लेह वाचवायचं होतं. सोनम नोर्बू या लडाखी इंजिनिअरने सिंधूकाठच्या वाळूत धावपट्टी केली होती, साडेदहा हजार फुटांच्या वर. डाकोटाची केबिन प्रेशराइज्ड नाही (म्हणजे उंचीवर आत हवेचा दाब टिकत नाही), वाटेत हिमालय, त्या रूटचा धड नकाशा नाही, तरी हा माणूस जनरल थिमय्यांना सोबत बसवून गेला आणि उतरला. महावीर चक्र मिळालं त्यांना. याच काश्मीर लढाईत महावीर चक्र मिळालेले आपले हृषीकेश मुळगावकर पुढे 1976 ला हवाई दल प्रमुख झाले.

1962 च्या चीन युद्धात फायटर-बॉम्बर वापरलेच नाहीत, त्यावर वाद आजही संपत नाही. मला स्वतःला तो निर्णय चुकलाच वाटतो. पण त्याच युद्धात एएन-12 या मालवाहू विमानांतून एएमएक्स रणगाडे उचलून थेट लडाखमधल्या चुशूलला नेऊन उतरवले, हे फारसं कुणी सांगत नाही. 1971 ला पूर्व बंगालमध्ये (आजचा बांगलादेश) मेघना नदीवरचा पूल पाकिस्तानी फौजेने उडवलेला, तर एमआय-4 हेलिकॉप्टरनी सैन्य पलीकडे नेलं, 11 डिसेंबरला टांगाइलला छत्रीधारी सैनिक उतरले, त्यातपण डाकोटा होतेच. सियाचेन तर 1984 पासून हेलिकॉप्टरवरच जगतंय, रॉकेलपासून पत्रापर्यंत.

मधल्या काळात लडाखमध्ये चीन सीमेजवळच्या दौलत बेग ओल्डीची धावपट्टी बंदच पडली होती. 2008 ला 43 वर्षांनी तिथे एएन-32 हे मालवाहू विमान उतरलं, 2013 ला त्याहून मोठं सी-130, साडेसोळा हजार फुटांच्या वर.

2018 ला ब्रिटनमध्ये दुरुस्त केलेलं एक जुनं डाकोटा उडत उडत भारतात आलं. नाव ठेवलं परशुराम, आणि अंगावर नंबर रंगवलाय व्हीपी 905. हा नंबर त्याचा स्वतःचा नाही, 27 ऑक्टोबरला श्रीनगरला सगळ्यात आधी उतरलेल्या डाकोटाचा आहे.