देवराई (पुणे जिल्हा)

देवाच्या नावाने राखलेले जुने रान. पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यालगत, जुन्नरपासून भोरपर्यंतच्या पट्ट्यात, अनेक जुन्या गावांना अशी राई आहे. कुठे काही गुंठ्यांची, कुठे काही एकरांची. आसपासचे डोंगर उघडे पडले तरी हा तुकडा टिकला, त्यामुळे इथले मूळचे जंगल कसे असेल याचा अंदाज आज देवराईतच येतो. वाघजाई, काळूबाई, भैरवनाथ ही नेहमीची दैवते. पूर्वी बहुतेकांना छप्पर नसे; झाडाखालचा शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे देव म्हणून पुजलेला अनघड दगड, हेच देऊळ.

राईचे नियम तोंडी होते आणि कडक होते. उभे झाड तोडायचे नाही, पडलेली फांदीही घरी न्यायची नाही. जत्रेचा नैवेद्य तिथेच शिजवायचा असेल तर तेवढ्यापुरते वाळके सरपण चाले. घराच्या तुळईसाठी झाड हवेच असेल तर आधी देवाला कौल लावावा लागे. मागे देवाच्या कोपाची भीती होती, पण त्या भीतीने राखलेले पाणी गावाच्या रोजच्या उपयोगाचे होते. कित्येक राया झऱ्याच्या उगमाशी किंवा ओढ्याच्या काठी आहेत.

भरपूर पावसाच्या घाटमाथ्यावर जुन्या रानाची ओळख अंजनी, जांभूळ आणि पिसा या झाडांवरून पटते. त्यांच्या जोडीला हिरडा, बेहडा, कवेत न मावणारे आंबे, आणि त्यांवर चढलेली मांडीएवढी जाड गारंबीची वेल. मावळातील अजिवलीची राई भेरली माडांसाठी प्रसिद्ध आहे. धनेश पक्षी झाडाच्या ढोलीत घरटे करतो. ढोली पडायला झाड म्हातारे व्हावे लागते, आणि रोपवनातले झाड त्या वयाला पोचत नाही. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, म्हणजे झाडावरची मोठी खार, जमिनीवर क्वचितच उतरतो, म्हणून त्याला फांदीला फांदी भिडलेली झाडी लागते. त्याच्यासाठी महत्त्वाचे असलेले भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर असून ते पुण्याबाहेर ठाणे व रायगड जिल्ह्यांतही पसरले आहे.

राईबाहेरचे रान कसे गेले, हा इतिहास मोठा आहे. दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे प्रमुख अलेक्झांडर गिब्सन १८४७ साली मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. झाडतोडीचा पाण्यावर होणारा परिणाम त्यांनी सरकारपुढे मांडला होता. तरी लाकडाची मागणी वाढतच गेली. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, तिच्या रुळांखाली लाकडी स्लीपर लागत. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले ठरवून सरपण, चराई आणि राबासाठी (रोपे तयार करण्याच्या जागी जाळण्यासाठी) फांद्या छाटण्याच्या जुन्या वहिवाटींवर बंधने घातली. जंगल सरकारचे झाल्यावर ते राखण्यात गावाला स्वारस्य उरले नाही, हे नुकसान तोडीइतकेच गंभीर मानावे लागेल.

स्वातंत्र्यानंतरचा मोठा घाव कोळशाचा. पानशेत धरणाच्या कामासाठी डोंगरात रस्ते गेले आणि त्याच रस्त्यांनी कोळशाचे व्यापारी आले. भट्ट्या लागल्या, उतारच्या उतार बोडके झाले. त्यातून वाचलेल्या झाडीत मुख्यत्वे देवराया होत्या. १९७० च्या दशकात पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी गावोगाव फिरून या रायांची शास्त्रीय नोंद केली. देवराईकडे अंधश्रद्धा म्हणून पाहणाऱ्या अभ्यासकांची नजर बदलण्यात या कामाचा वाटा फार मोठा आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने, जमीन कोणाच्याही मालकीची असली तरी तिच्यावर जंगल असल्यास ते वन संवर्धन कायद्याच्या कक्षेत आले. २००६ च्या वनहक्क कायद्याने परंपरेने राखलेल्या वनावर ग्रामसभेला सामूहिक हक्क मागता येतो. आंबेगाव-जुन्नरमधील महादेव कोळी कुटुंबांना बाळहिरड्यातून (हिरड्याच्या कोवळ्या, वाळवलेल्या फळांतून) रोख उत्पन्न मिळते, त्यामुळे उभ्या झाडाची किंमत तिथे वेगळी सांगावी लागत नाही.

आज अनेक रायांना धोका आहे तो जीर्णोद्धाराचा. तांदळ्याभोवती सिमेंटचे देऊळ उठते, सभामंडप येतो, फरशी आणि वाहनतळ होतो. ‘साफसफाई’ म्हणून खालची झुडपे आणि रोपे काढली जातात, पालापाचोळा जाळला जातो. वरची झाडे उभी असल्याने राई शाबूत दिसते, पण खाली नवे रोप नसते. एखादा म्हातारा आंबा कोसळला की त्या जागी ऊन पडते, आणि उन्हात घाणेरी व रानमोडी ही तणे माजतात.