विंडोज सर्व्हर: स्टँडर्ड घ्यायचा की डेटासेंटर?

विंडोज सर्व्हरच्या कोटेशनमध्ये स्टँडर्ड आणि डेटासेंटर ही त्याच्या दोन प्रकारांची नावं शेजारी शेजारी येतात आणि किमतीत जवळजवळ पावणेसहा पटींचा फरक असतो. साहजिकच वाटतं की डेटासेंटर जास्त वेगवान असणार, मोठ्या मशीनसाठी असणार. तसं काहीही नाही. त्याच हार्डवेअरवर दोन्ही सारखेच चालतात. ॲक्टिव्ह डिरेक्टरी, डीएनएस, डीएचसीपी, फाइल सर्व्हर, आयआयएस, हायपर-व्ही हे सगळं दोन्हींत आहे.

गैरसमजाचं मूळ जुन्या आवृत्त्यांत आहे. २००८ आर२ च्या स्टँडर्डला ३२ जीबी रॅमची मर्यादा होती आणि फेलओव्हर क्लस्टर (एक सर्व्हर बंद पडला तर त्याचं काम दुसऱ्यानं उचलायची जोडणी) करायचा तर एंटरप्राइझ किंवा डेटासेंटरच लागे. २०१२ मध्ये एंटरप्राइझ बंद झाली आणि क्लस्टरिंग स्टँडर्डमध्येही आलं. तेव्हापासून खरा प्रश्न एवढाच उरतो: एका मशीनवर विंडोज सर्व्हरच्या किती व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका मशीनच्या आत चालणारे आभासी सर्व्हर) चालवायच्या आहेत?

२०१६ च्या आवृत्तीपासून लायसन्स प्रोसेसरवर नाही, कोअरवर मोजतात. दर प्रोसेसरमागे किमान ८ आणि दर सर्व्हरमागे किमान १६ कोअरचं लायसन्स घ्यावंच लागतं. म्हणजे ६ कोअरच्या एकाच प्रोसेसरचं छोटं मशीन असलं तरी पैसे १६ चेच. मोजायचे ते प्रत्यक्ष कोअर. हायपरथ्रेडिंगमुळे टास्क मॅनेजरमध्ये दुप्पट दिसणारे लॉजिकल प्रोसेसर धरायचे नाहीत.

मशीनचे सगळे कोअर एकदा भरले, म्हणजे त्या सगळ्यांचं लायसन्स घेतलं, की स्टँडर्डमध्ये दोन व्हीएमचा हक्क मिळतो. होस्टवरचं (व्हीएम ज्यावर चालतात त्या मशीनवरचं) विंडोज वेगळं मोजत नाहीत, पण ते फक्त व्हीएम चालवायला आणि सांभाळायला वापरलं तरच. त्याच होस्टवर फाइल शेअरिंग किंवा डीएचसीपी सुरू केलं की दोनातली एक व्हीएम हातची गेली. आणखी दोन व्हीएम हव्या असतील तर सगळे कोअर पुन्हा एकदा भरायचे.

चूक नेमकी इथेच होते. १२-१२ कोअरचे दोन प्रोसेसर, म्हणजे २४ कोअरचं मशीन घ्या. दोन व्हीएमना २४ कोअरचं लायसन्स, चार व्हीएमना ४८, सहांना ७२. बरेच जण दोन व्हीएम वाढवायला १६ कोअरचा एक पॅक आणतात. या मशीनवर त्या पॅकनं काहीच वाढत नाही. सोबत २ कोअरचे आणखी चार पॅक लागतात.

डेटासेंटरमध्ये सगळे कोअर एकदा भरले की व्हीएम कितीही चालवा. मग कुठल्या आकड्यापासून ते स्वस्त पडतं? २०२५ च्या आवृत्तीची अमेरिकेतली जाहीर किंमत १६ कोअरसाठी स्टँडर्डला १,१७६ डॉलर आणि डेटासेंटरला ६,७७१ डॉलर आहे. दहा व्हीएमसाठी स्टँडर्ड पाच वेळा घ्यावं लागतं, ५,८८० डॉलर. अकरावी व्हीएम आली की सहावा थर, म्हणजे सगळे कोअर सहाव्यांदा भरायचे, ७,०५६ डॉलर. म्हणजे डेटासेंटरच्या पुढे. भारतात पार्टनर देईल तो भाव वेगळा असतो, तेव्हा हा हिशेब आपल्या कोटेशनचे आकडे घालून करावा. लिनक्सच्या व्हीएम या हिशेबात धरू नका, त्यांना विंडोजचं लायसन्स लागत नाही.

दोन होस्टचा क्लस्टर असेल तर मात्र गणित पार बदलतं. १६-१६ कोअरचे दोन होस्ट, प्रत्येकावर सहा व्हीएम. एकेका होस्टला स्टँडर्डचे तीन थर पुरतील असं वाटतं. पण एक होस्ट बंद पडला की बाराही व्हीएम दुसऱ्यावर येणार, आणि लायसन्स त्या सगळ्यात जास्त आकड्याचं हवं. म्हणजे दोन्ही होस्टना सहा-सहा थर, आणि तिथे डेटासेंटर स्वस्त.  व्हीएमसोबत लायसन्सही हलवू म्हटलं, तर ते एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर ९० दिवसांच्या आत हलवता येत नाही; हार्डवेअर कायमचं निकामी झालं तरच अपवाद. विंडोज स्वतः कुठेच अडवत नाही, व्हीएम बिनबोभाट चालू राहतात, म्हणून ही उणीव थेट ऑडिटमध्येच बाहेर पडते. (हे सगळं नुसत्या कायमच्या लायसन्सचं. सॉफ्टवेअर ॲश्युरन्स किंवा सबस्क्रिप्शन असेल तर आणखी वाटा आहेत.)

सोयींमधला फरक त्यामानानं थोडा आहे. सर्व्हरमधल्याच डिस्क एकत्र करून सामायिक स्टोरेज करणारं स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट फक्त डेटासेंटरमध्ये मिळतं. डेटाची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवणारं स्टोरेज रेप्लिका स्टँडर्डमध्ये २०१९ पासून आहे, पण एकच जोडी, एकच व्हॉल्यूम आणि तोही २ टीबीपर्यंत.

डेटासेंटर घेतलं म्हणजे कॅल (सर्व्हर वापरणाऱ्या माणसांची किंवा उपकरणांची वेगळी लायसन्सं) लागत नाहीत, ही समजूतही चुकीची आहे. दोन्हींना यूझर किंवा डिव्हाइस कॅल लागतात. टॅलीसारखं सॉफ्टवेअर रिमोट डेस्कटॉपवरून दहा जणांना द्यायचं असेल तर आरडीएस कॅल, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचे कॅल, त्यावर वेगळे. रिमोट डेस्कटॉपची भूमिका बसवल्यावर १२० दिवसांची सवलत असते. ती संपली की एका सकाळी कोणाचंच लॉगिन होत नाही आणि सगळे नेटवर्कला दोष देत बसतात. शिवाय २०१९ चे कॅल २०२२ च्या सर्व्हरला चालत नाहीत, उलट चालतं.

इन्स्टॉल करताना यादीत चार नावं दिसतात. ज्यापुढे 'डेस्कटॉप एक्सपिरियन्स' लिहिलेलं नाही ते सर्व्हर कोअर, म्हणजे स्टार्ट मेनूशिवायचं. ते चुकून बसलं तर नंतर बदलता येत नाही, सगळं पुन्हा इन्स्टॉल करावं लागतं.

स्टँडर्ड-डेटासेंटर बदलायची सवलत एकाच दिशेनं आहे. स्टँडर्डचं डेटासेंटर करायला डिझम या विंडोजमधल्याच टूलची सेट-एडिशन आज्ञा, डेटासेंटरची प्रॉडक्ट की आणि रीस्टार्ट पुरतो; डेटा, सेटिंग जागच्या जागी राहतात. उलटा रस्ता नाही. १८० दिवसांच्या ट्रायललाही हेच लागू आहे: स्टँडर्डची ट्रायल दोन्हींत बदलते, डेटासेंटरची फक्त डेटासेंटरमध्येच. तेव्हा ट्रायल बसवायची तर स्टँडर्डचीच. आणि ट्रायलवर डोमेन कंट्रोलर (ऑफिसमधली सगळी लॉगिन तपासणारा सर्व्हर) उभा करू नका. तो डोमेन कंट्रोलर असेपर्यंत कायमच्या आवृत्तीत बदलता येत नाही, आणि मुदत संपली की सर्व्हर दर तासाला आपोआप बंद होतो.