डिझेलच्या पोटातलं वंगण

खंबाटकी घाटात बंद पडलेला चुलतभावाचा ट्रक मी दोन दिवसांनी गॅरेजात जाऊन पाहिला. पुण्याहून खताची पोती भरून साताऱ्याकडे निघाला होता. रात्री पेट्रोल पंपावरच्या पोराने चुकून पेट्रोलची नळी टाकीत घातली. ट्रकच्या टाकीचं तोंड मोठं, कुठलीही नळी आत जाते. चाळीसेक लिटर गेल्यावर ड्रायव्हरच्या लक्षात आलं. ‘वरून डिझेल भर, मिसळून जाईल,’ असं ठरलं आणि गाडी निघाली. अर्ध्या तासात इंजिन टकटक वाजू लागलं. घाटात गाडी उचलेना, मग बंदच पडली.

मिस्त्रीने डिझेल फिल्टर काढला, त्यातलं इंधन पांढऱ्या वाटीत ओतलं आणि मोबाइलचा टॉर्च धरला. वाटीत चंदेरी चमकी फिरत होती. वाटीखालून लोहचुंबक फिरवलं, तशी ती एका बाजूला गोळा झाली. ‘पंपाने चुरा सोडलाय,’ तो म्हणाला. पंप म्हणजे गाडीतला, इंधन दाबून इंजिनाकडे ढकलणारा. मला तिथेच प्रश्न पडला. इंधन टाकीतून आधी फिल्टरमध्ये आणि मग पंपात जातं. मग पंपाचा चुरा मागे फिल्टरमध्ये आला कसा?

त्याआधी त्या टकटकीबद्दल थोडं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा-अठरा पट दाबली की ती 500 अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. असं चटकन पेटण्याचा गुण सीटेन अंकाने मोजतात. आपल्याकडच्या डिझेलला तो किमान 51 लागतो. पेट्रोल नेमकं उलट, म्हणजे आपोआप पेटू नये असं बनवलेलं असतं. त्यामुळे ते सिलिंडरमध्ये उशिरा पेटतं. तोवर जास्त इंधन साठतं आणि एकदम भडकतं. तोच तो ठोका. हे वाईट आहेच, पण खरी नासधूस पंपात होते.

आजच्या कॉमन रेल इंजिनात सगळ्या इंजेक्टरना, म्हणजे इंधन फवारणाऱ्या तोंडांना, ‘रेल’ नावाच्या एकाच जाड नळीतून इंधन मिळतं. त्यासाठी हायप्रेशर पंप इंधनाला 1,600 ते 2,000 बार दाब देतो. आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब सुमारे 1 बार असतो. प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेच्या तळाशी पाण्याचा दाब साधारण 1,100 बार भरतो. त्याहून मोठा दाब बोनेटखाली, मिनिटाला शेकडो वेळा तयार होत असतो! हा दाब देणारा दांडा आणि त्याची नळी यांच्यातली फट दोन ते चार मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाड. एवढ्या दाबाला रबराची रिंग टिकत नाही. फट बंद ठेवायची आणि धातूला धातूपासून लांब ठेवायचं, ही दोन्ही कामं त्या फटीतलं इंधनच करतं. अनेक पंपांना वेगळं ऑइल मिळतच नाही. आतला प्रत्येक भाग डिझेलमध्येच फिरतो.

डिझेल हे काम दोन प्रकारे करतं. एक म्हणजे दाटपणा, म्हणजे तेलासारखं संथ वाहण्याचा गुण. पेट्रोल त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकंच दाट असतं, म्हणून फटीतला थर पातळ होतो आणि फाटतो. दुसरा प्रकार मला फार आवडतो. डिझेलमध्ये काही रेणू असे असतात की त्यांचं एक टोक धातूला चिकटतं आणि लांब शेपटी बाहेर उभी राहते. पोलादावर जणू गवत उगवतं. दाट थर फाटला तरी हे गवत दोन पृष्ठभागांना भिडू देत नाही.

गंधकामुळे डिझेलला वंगणपणा येतो, असं पुष्कळ लोक समजतात. तसं नाही. बीएस-6 हे प्रदूषणाचे कडक नियम आल्यावर, 1 एप्रिल 2020 पासून, गंधक दहा लाखांत 50 भागांवरून 10 वर आलं. ते काढण्यासाठी रिफायनरीत हायड्रोजनची प्रक्रिया करतात आणि त्यातच ऑक्सिजन, नायट्रोजन असलेले हे चिकटणारे रेणूही निघून जातात. स्वीडनने 1990च्या दशकाच्या सुरुवातीला कमी गंधकाचं डिझेल आणलं, तेव्हा पंप निकामी व्हायला लागले आणि जगाला हे कळलं. तेव्हापासून डिझेलमध्ये वंगणाचं रसायन अगदी थोडं, दहा लाखांत शंभर-दोनशे भाग, मिसळतात. चाचणीही ठरलेली आहे. 60 अंश तापमानाच्या इंधनात बुडवलेल्या पोलादी चकतीवर 6 मिलिमीटरची पोलादी गोळी 200 ग्रॅम वजनाखाली सेकंदाला 50 वेळा, 75 मिनिटं घासतात. गोळीवरचा झिजेचा व्रण 460 मायक्रॉनपेक्षा मोठा दिसला तर इंधन नापास. चाळीस लिटर पेट्रोल पडलं की दाटपणाही उतरतो आणि ते गवतही विरळ होतं. वरून डिझेल भरल्याने बिघाड पुसला जात नाही, थोडा लांबतो एवढंच.

जुने ड्रायव्हर सांगतात, आम्ही थंडीत डिझेलमध्ये रॉकेल घालायचो, काही झालं नाही. ते खोटं बोलत नाहीत. त्या जुन्या इनलाइन (एका ओळीत दांडे असलेल्या) पंपांचा कॅमशाफ्ट, म्हणजे ते दांडे ढकलणारा फिरता दंड, बहुधा इंजिन ऑइलवर फिरायचा आणि दाब काहीशे बारच्या घरात असायचा. आजच्या पंपाला तो अनुभव लावता येत नाही. ‘चुकीच्या इंधनावर उपाय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्याही टाकीतलं पेट्रोल नाहीसं करू शकत नाहीत. आणि चुलतभावाच्या घरी अमावास्येला गाडी काढल्याची चर्चा चालली होती, तिच्यामुळे मला मनापासून वाईट वाटलं. कारण वाटीत दिसत होतं, आणि ते वेळीच टळण्यासारखं होतं. चूक लक्षात आल्यावर चावी न फिरवता टाकी रिकामी केली असती, तर खर्च इंधन आणि मजुरीपुरताच राहिला असता. नुसती चावी ‘ऑन’ केली तरी काही गाड्यांत टाकीतला पंप इंधन पुढे ढकलू लागतो, म्हणून तेवढीही फिरवायची नाही.

आता त्या चुऱ्याकडे. पंपातून निघालेलं सगळं इंधन जळत नाही. जास्तीचं इंधन परतीच्या नळीने टाकीत येतं आणि पुन्हा फिल्टरमार्गे पंपाकडे निघतं. फिल्टरमध्ये दिसलेली चमकी ही अशी फेरी मारून आली होती. पुढे गेलेल्या चुऱ्याला मात्र वाटेत तसा मोठा फिल्टर लागत नाही. एक कण इंजेक्टरच्या झडपेत अडकला की ती पूर्ण मिटत नाही. मग फवाऱ्याऐवजी धार लागते आणि ती पिस्टनच्या माथ्यावर एकाच जागी जळत राहते. चुलतभावाच्या ट्रकचा तिसरा पिस्टन खोलून ठेवला होता. ॲल्युमिनियम मेणासारखं ओघळून मधोमध करंगळी जाईल एवढं भोक पडलं होतं.

पंप, रेल, सगळे इंजेक्टर, पिस्टन अशी यादी मिस्त्रीने सांगितली आणि शेवटी म्हणाला, ‘भाऊ, टाकीपण उतरवावी लागंल.’ चुलतभाऊ वैतागला. टाकीला काय झालंय? मिस्त्रीने रिकाम्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला, तळावरून बोट फिरवलं आणि बाहेर काढून आमच्यापुढे धरलं. बोट चांदीच्या वर्खासारखं चमकत होतं.