लसूण ठेचायची, उकळायची नाही

पाऊस ओसरला की मुंबईतल्या गॅलऱ्यांत, ग्रिलवर चढवलेल्या काकडी-दोडक्याच्या पानांवर पीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. ही भुरी, म्हणजे पानांवर येणारी बुरशी. ती ओलीमुळे येते असं बहुतेकांना वाटतं. पण भुरीच्या बीजाणूंना रुजायला पानावर पाणी लागत नाही. मुसळधार पावसात तर ते धुऊन जातात. मग व्हॉट्सॲपवर उपाय फिरू लागतो: लसूण अर्धा तास उकळा, गाळा, फवारा. आणि इथेच सगळं बिघडतं.

अख्ख्या पाकळीला वास नसतो, ठेचली की सुटतो. बुरशीला मारणारं ॲलिसिन अख्ख्या पाकळीत जवळपास नसतंच. पेशीच्या द्रवात असतं ॲलिइन. ॲलिनेज हे विकर (एन्झाइम) मात्र रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पिशवीत, वेगळं कोंडलेलं. ठेचल्यावर पडदे फाटतात, दोघं एकत्र येतात आणि काही सेकंदांतच ॲलिसिन बनू लागतं. ते बुरशीच्या प्रथिनांतल्या थायॉल गटांशी, म्हणजे गंधक-हायड्रोजनच्या जोडीशी, बंध करतं आणि एकाच वेळी अनेक विकरं निकामी होतात. उकळत्या पाण्यात ॲलिनेजच मोडतं, मग ॲलिसिन बनवणार कोण? व्हिनेगरमध्ये ठेचली तरी तेच, तीव्र आम्लात हे विकर टिकत नाही.

सोललेली ५० ग्रॅम लसूण घोटभर गार पाण्यात वाटा, १० मिनिटं झाकून ठेवा, पाणी घालून एक लिटर करा. दुहेरी सुती कापडातून गाळा, नाहीतर पंपाचं नोझल चोंदतं. भांड्यांच्या लिक्विड साबणाचे चार-पाच थेंब पुरतात; ते नसतील तर मेणचट पानावरून थेंब ओघळतात, जास्त झाले तर पानं करपतात. म्हणून आधी एकाच पानावर फवारून एक दिवस थांबा. ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा, पाच-सात दिवसांनी पुन्हा. दर वेळी अर्क ताजा करा. ॲलिसिन टिकाऊ नाही.

कडुनिंबाचं तेलही भुरीवर चालतं. बुरशीविरुद्धच्या त्याच्या वापरावर युरोपात १९९४ मध्ये दिलेलं पेटंट भारताच्या जुन्या ज्ञानाच्या आधारे २००० मध्ये रद्द झालं, २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. मात्र ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हा समज घातक आहे. तंबाखूचा काढा फवारू नका. त्यातलं निकोटिन कातडीतूनही अंगात भिनतं.

भुरीचं जाळं पानाच्या पृष्ठभागावर पसरतं, म्हणून वरून फवारलेला अर्क तिला गाठतो. केवडा (डाउनी मिल्ड्यू) हा वेगळा रोग, तो पानाच्या आत वाढतो. पानावर पिवळे कोनदार डाग आणि खालून करडी लव दिसली, तर लसूण वाया घालवू नका, ती पानं लगेच खुडून टाका.