भाल्याच्या दिशेनं धावणारा घोडा

जाउस्टिंग म्हणजे घोड्यावरून एकमेकांवर भाले रोखून भिडण्याचा मध्ययुगीन युरोपातला खेळ. त्यात मैदानाच्या मधोमध लाकडी कठडा असतो. त्याच्या दोन टोकांहून चिलखत चढवलेले स्वार समोरासमोर घोडे फेकतात. भाला उजव्या काखेत, पण टोक घोड्याच्या मानेवरून डावीकडे झुकलेलं, कारण प्रतिस्पर्धी डावीकडून येतो. दोघं ताशी ३० किलोमीटरनं आले, तर एकमेकांच्या दृष्टीनं तो वेग ६० होतो. प्रेक्षकांचे डोळे भाल्यावर असतात, पण खरं नवल खालच्या जनावराचं आहे. घोडा पळून जीव वाचवणारा प्राणी. तो समोरून येणाऱ्या गोंगाटाकडे सरळ रेषेत कसा काय धावतो?

युरोप-अमेरिकेतल्या या खेळांत अनेकदा पर्शेरॉन, शायर यांसारखे मुळात ओढकामाचे घोडे किंवा त्यांचे संकर दिसतात. त्यामागे साधं गणित आहे. स्वार ८० किलोचा, खेळाचं चिलखत ४० किलोच्या आसपास, खोगीर आणि भाला मिळून १५ धरा. झाले १३५ किलो. घोड्यावर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त ओझं नको, असा सर्वसाधारण दंडक आहे. त्या हिशेबानं घोडा किमान पावणेसातशे किलोचा हवा. पर्शेरॉन सहज ८००-९०० किलो भरतो.

मध्ययुगीन सरदारांचे घोडे असेच अवाढव्य होते, हा मात्र गैरसमज. इंग्लंडमधल्या जुन्या घोड्यांच्या सुमारे दोन हजार हाडांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले बहुतेक घोडे खांद्यापाशी १.४७ मीटरपेक्षा कमी उंचीचे निघाले, म्हणजे आजच्या भाषेत पोनी! युद्धाला चपळाई लागते. आपल्याकडची भीमथडी तट्टंही लहानखुरीच होती आणि मराठ्यांच्या दौडी त्यांच्याच पाठीवर झाल्या.

आता शिकवण्याकडे येऊ. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंशांचं दिसतं. कपाळासमोरची आणि शेपटीमागची चिंचोळी जागा तेवढी सुटते. त्यामुळे भाला हलला की तो त्याच्या डाव्या डोळ्याला दिसणारच. कानही आपल्याहून तीक्ष्ण, सुमारे ३३ किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज टिपणारे. लोखंडावर लोखंड घासल्याचा कर्कशपणा त्याला आपल्यापेक्षा जास्त जाणवत असणार.

म्हणून चांगला प्रशिक्षक सगळं एकदम अंगावर घालत नाही. आधी जमिनीवरून नुसती काठी दाखवायची, मग पाठीवर बसून ती हळूहळू मानेवरून पलीकडे न्यायची. पायांवर फडफडणारी झूल, चिलखताचा खणखणाट, प्रत्येक गोष्ट वेगळी आणि कमी मात्रेत. कान सैलावले, मान खाली आली, घोडा ओठ चघळू लागला, की पुढची पायरी. दुसरा घोडाही आधी कठड्यापलीकडे नुसता उभा राहतो, मग चालत येतो, मग दुडक्या चालीनं, आणि शेवटी भरधाव. घाई केली तर घोडा वरवर शांत दिसतो, पण आतून गोठलेला असतो. असा घोडा कधी उसळेल सांगता येत नाही, आणि त्याला खेळात उतरवणं मला क्रूरपणाच वाटतो.

स्वाराच्या डाव्या हातात लगाम, खांद्यापाशी ढाल, उजव्या हातात भाला. मग दिशा द्यायची ती बैठकीनं आणि पायांनी. पायाचा दाब दिला, घोडा हवा तसा हलला, की त्याच क्षणी दाब सुटला पाहिजे. घोडा शिकतो तो त्या सुटकेतून. ती दोन सेकंद उशिरा मिळाली, तर भलतंच शिकतो.

आणखी एक अडचण हुशारीतून येते. रोज टोकाशी उभं करून पळवलं, तर घोडा खुणेआधीच उसळायला लागतो. म्हणून त्याला कित्येकदा कठड्याकडेनं नुसतं चालवत नेतात. जिथे गोंधळ, तिथेच निवांतपणाही असतो, हे त्याला कळलं पाहिजे. पॅरिसच्या गर्दीत प्रवासी गाड्या ओढलेल्या पर्शेरॉनसारख्या जातींचा थंड स्वभाव इथे कामी येतो.

पण या जातींचं दुखणंही वेगळं. अवजड अंगातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, त्यामुळे उन्हाळ्यातले खेळ त्यांना जड जातात. शिवाय पर्शेरॉन आणि बेल्जियन घोड्यांत एका जनुकातला बदल बऱ्याच प्रमाणात आढळतो. त्यामुळे स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, प्रमाणाबाहेर साठतं, आणि मेहनतीनंतर मांड्या ताठरतात, घोडा पाऊल टाकेनासा होतो. केसांच्या मुळांवरून याची चाचणी होते. अशा घोड्याच्या खुराकातलं धान्य कमी करून त्याऐवजी तेल देतात, आणि खेळ नसला तरी त्याला पागेत दिवसभर बांधून न ठेवता रोज फिरवतात.